झडप

भाऊबीज म्हटली की माझे पाय आपोआप ठाण्याकडे वळतात. ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. त्यामुळे बहीण म्हणून तिने मला जितक्या वेळा ओवाळले असेल, तितक्याच वेळा आईच्या वतीने धपाटेही घातले आहेत. गेल्या वर्षीही नेमाप्रमाणे गेलो. ओवाळणे झाले, ताटात घालायचे ते घातले आणि चकलीचा तुकडा हातात घेऊन मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. तिथे रंगाने स्वतः केलेला आकाशकंदील टांगला होता. रंगा म्हणजे माझा भाचा श्रीरंग. बांबूच्या कामट्या, खळ, पतंगी कागद असा सगळा जुना थाट होता आणि खाली कागदाच्या लांब लांब झिरमिळ्या. संध्याकाळचा वारा सुटला होता आणि त्या झिरमिळ्या अशा काही सळसळत होत्या, की मराठीच्या मास्तराने गप्प राहणे शक्यच नव्हते.

"वारा कसा खेळवतोय बघ झिरमिळ्यांना!" मी म्हणालो.

रंगा माझ्या मागेच उभा होता. तो म्हणाला, "मामा, तुमचं वाक्य अर्धंच खरं आहे. झिरमिळ्याही वाऱ्याला खेळवताहेत."

मला वाटले, पोरगा कविता करू लागला की काय! पण त्याचा चेहरा गंभीर होता. हा रंगा एका संशोधनसंस्थेत काम करतो. काय काम करतो, हे मला दोन वर्षे नीटसे ठाऊक नव्हते. कुणी विचारले तर "संगणकात आहे" असे सांगून मी मोकळा होत असे. आपल्याकडे हल्ली हे उत्तर कुणालाही पुरते. त्या संध्याकाळी मात्र मी त्याला खोदून विचारले आणि त्याने मला जे सांगितले, ते मी अजून विसरलो नाही. विसरणे शक्य नव्हते, याला आणखीही एक कारण झाले. ते ओघाने येईलच.

रंगाचे म्हणणे असे. वारा झिरमिळीवर दाब देतो, म्हणून ती वाकते. इथवर आपल्याला कळते. पण ती वाकली की वाऱ्याची वाट बदलते. मघा जो वारा सरळ चालला होता, त्याला आता वळसा घालावा लागतो. वळसा घातला की दाब दुसऱ्याच जागी पडतो, म्हणून झिरमिळी दुसरीकडे वाकते आणि वाऱ्याची वाट पुन्हा बदलते. अशी ही देवघेव क्षणाक्षणाला चाललेली असते. यात आधी कोण आणि मागून कोण, हे सांगता येत नाही. वाहणारी वस्तू आणि लवचीक वस्तू एकमेकींना भेटल्या की दरवेळी हेच होते. शिडात हेच, झेंड्यात हेच, माशाच्या कल्ल्यात आणि पाखराच्या पिसात हेच.

मी वर्गात वर्षानुवर्षे कर्तरी आणि कर्मणी प्रयोग शिकवीत आलो आहे. वाक्यात कर्ता एक आणि कर्म दुसरे. 'रामाने रावणाला मारले' यात कुणी कुणाला मारले, याची शंका राहत नाही. पण इथे वारा कर्ताही आहे आणि कर्मही आहे, झिरमिळीचेही तसेच. आमच्या व्याकरणात या वाक्याची सोय नाही, असे मी रंगाला म्हणालो. तो हसला. "गणितातही बरीच वर्षं नव्हती, मामा," तो म्हणाला.

मग मला माझ्या लहानपणची मंगळागौर आठवली. ताई आणि तिच्या मैत्रिणी फुगड्या घालायच्या. दोघी हातांना आढी घालून गरगर फिरू लागल्या की कोण कुणाला फिरवते आहे, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. मी म्हटले, "म्हणजे फुगडीच की!" रंगाने माझ्या पाठीवर थाप मारली. "अगदी बरोबर. आमच्या विषयाचं एवढं चांगलं नाव मी अजून ऐकलेलं नाही."

ही फुगडी दरवेळी गोड असते असे मात्र नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात टॅकोमा नॅरोज नावाचा एक झुलता पूल होता. मधला गाळा २८०० फुटांचा. १ जुलै १९४० रोजी तो रहदारीला खुला झाला आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला कोसळला. जेमतेम चार महिने उभा राहिला. वादळ झाले म्हणावे, तर तेही नाही. वारा होता ताशी सुमारे पासष्ट किलोमीटरचा. त्याहून कितीतरी मोठा वारा सोसेल, अशा हिशेबाने पूल बांधला होता. पण तो हिशेब वारा नुसता ढकलतो असे धरून केलेला. पूल वाऱ्याला काय करील, हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. त्या सकाळी रस्ता पिळवटू लागला. एक बाजू वर गेली की दुसरी खाली. पिळवटलेल्या रस्त्यामुळे वाऱ्याचा दाब नेमका असा बदले, की पुढचा पीळ आणखी वाढावा. पुलाने जणू एकेक धक्का वाऱ्याकडून स्वतः मागून घेतला. सुमारे तासभर हा प्रकार चालला आणि मग मधला गाळा तुटून खाली पाण्यात पडला. माणूस एकही दगावला नाही. एका सोडून दिलेल्या मोटारीत एक कुत्रा अडकला होता. त्याला सोडवायला फर्कहार्सन नावाचे एक प्राध्यापक डुलत्या पुलावरून गेले, पण बिचारा कुत्रा भेदरून त्यांनाच चावला आणि पुलाबरोबर गेला. हे सगळे चित्रफितीत उतरलेले आहे. रंगाने ती मला त्याच्या फोनवर दाखवली. सिमेंट-लोखंडाचा रस्ता दोरीसारखा वळवळताना पाहून माझ्या हातातली चकली तशीच राहिली.

"आणि तू हे पुलांचं गणित करतोस?" मी विचारले.

रंगाने आत पाहिले. ताई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. दम खात होती. हल्ली पुऱ्या लाटतानाही तिला मध्येच थांबावे लागत असे.

"नाही," तो हळूच म्हणाला. "हृदयाच्या झडपांचं."

आम्ही दोघेही थोडा वेळ काही बोललो नाही.

हा 'झडप' शब्द मोठा विलक्षण आहे. दाराच्या फळीला आपण झडप म्हणतो आणि घारीने पिलावर घातलेलीही झडपच. एक राखणारी, दुसरी हिरावून नेणारी. ताईच्या हृदयात डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये जी झडप आहे, तिला द्विदल झडप म्हणतात. दोन पाकळ्यांची म्हणून द्विदल. मला तोवर द्विदल म्हणजे डाळी एवढेच ठाऊक होते. ताई दहा वर्षांची असताना तिला ताप आला, गुडघे सुजले, पंधरा दिवस शाळा बुडाली आणि मग ती बरी झाली, असे घरात सगळ्यांना वाटले. घसा दुखण्यासारख्या साध्या दुखण्यामागून येणारा हा ताप. जंतूंशी लढायला निघालेले शरीराचे सैन्य चुकून स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर चालून जाते. पाकळ्या जाड होतात, एकमेकींना चिकटतात. मुलगी खेळते, बागडते, लग्न होऊन सासरी जाते आणि तोवर आत दार हळूहळू लागत असते. रंगा लहान असताना ताईच्या त्या झडपेत फुगा घालून ती रुंद केली होती. त्यावर पुष्कळ वर्षे निघाली. आता पुन्हा ती आखडली होती, शिवाय गळूही लागली होती. दिवाळीच्या आधीच डॉक्टरांनी सांगितले होते, की झडप बदलावी लागेल. ताईने सगळ्यांना बजावून ठेवले होते, की सणात हा विषय काढायचा नाही.

पण रंगाला तो विषय टाळणार कसा? तो तर त्याचा धंदाच.

त्याने मला हिशेब सांगितला. माणसाचे हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके देते. मिनिटाला पाच लिटर धरले तरी दिवसाला सात हजार लिटर रक्त त्या दारांतून जाते. पाकळ्या म्हणाव्या तर मिलिमीटरभरही जाड नाहीत. त्यांना उघडायला किंवा मिटायला स्वतःचा स्नायू नाही. रक्तच त्यांना उघडते आणि रक्तच मिटते. पण कुठून जायचे आणि कुठे भोवरा धरायचा, हे त्या रक्ताला पाकळ्याच सांगतात. पुन्हा फुगडीच.

हे प्रथम ज्याच्या ध्यानात आले, तो कुणी डॉक्टर नव्हता, चित्रकार होता. लिओनार्दो दा विंची. १५१३ च्या सुमारास त्याने बैलाच्या हृदयात मेण ओतून साचा घेतला. त्यावरून काचेची प्रतिकृती करावी, तीत पाणी सोडावे आणि पाण्यात गवताचे बी टाकून प्रवाह कसा वळतो ते पाहावे, अशी टिपणे त्याने लिहून ठेवली आहेत. महारोहिणीच्या तोंडाशी तीन पाकळ्यांची जी झडप आहे, तिच्या मागच्या खोलगट जागांत रक्ताचे भोवरे होतात आणि तेच पाकळ्या मिटायला मदत करतात, असे त्याने चित्र काढून दाखवले. ऑक्सफर्डच्या ब्रायन बेलहाउस यांनी प्रयोग करून याच भोवऱ्यांचे काम सिद्ध केले, ते १९६८ साली. म्हणजे साडेचारशे वर्षांनी!

मधल्या काळात गणितवाले स्वस्थ बसले नव्हते. ऑयलरने १७७५ साली रोहिणीतून वाहणाऱ्या रक्ताची समीकरणे मांडली. तेव्हा तो जवळजवळ पूर्ण आंधळा झाला होता. समीकरणे मांडता आली, पण सोडवता आली नाहीत. त्याचा तो निबंध छापून निघाला १८६२ साली, तो जाऊन पाऊणशेवर वर्षे उलटल्यावर. पुढे नाव्हिए आणि स्टोक्स या दोघांनी प्रवाहाचे नियम पुरे केले. नियम हाती आले. पण रक्त वाहते कशातून? हलणाऱ्या, लवणाऱ्या, दर क्षणाला आकार बदलणाऱ्या भिंतींमधून. भिंत कुठे आहे हे कळले तर रक्त कसे जाईल ते सांगता येईल, आणि रक्त कसे जाईल ते कळले तर भिंत कुठे असेल ते सांगता येईल. 'वेड बरे झाल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड बरे होत नाही', तशातली गत.

ही गाठ सोडवणाऱ्यांत एक मोठे नाव चार्ल्स पेस्किन यांचे. न्यूयॉर्कमध्ये डॉक्टरेट करताना १९७२ साली त्यांनी झडपेभोवतीच्या प्रवाहाचे गणित संगणकाकडून करवून घेण्याची एक रीत काढली. ती मला समजावी म्हणून रंगाने काय केले, ते सांगतो. शेजारच्या दारासमोर ठिपक्यांची मोठी रांगोळी काढायला घेतली होती. नुसते ठिपके झाले होते, रेघा व्हायच्या होत्या. रंगाने कंदिलाच्या उरलेल्या दोऱ्याचा एक तुकडा घेतला आणि अलगद त्या ठिपक्यांवर सोडला. दोरा वेडावाकडा पडला. काही ठिकाणी ठिपक्याला लागून, काही ठिकाणी दोन ठिपक्यांच्या मधून.

"हे ठिपके म्हणजे रक्त," तो म्हणाला, "आणि दोरा म्हणजे झडपेची पाकळी. पूर्वीचे लोक काय करायचे? दोरा हलला की सगळे ठिपके पुसून, दोऱ्याला बरोबर लागतील असे नवे काढायचे. दर क्षणाला नवी रांगोळी! माणूसही थकेल आणि संगणकही. पेस्किन म्हणाले, ठिपके राहू देत जिथल्या तिथे. दोऱ्याला ताण पडला की तो जवळच्या चार ठिपक्यांना थोडा थोडा ओढतो, एवढंच मांडा. त्या ओढीनं रक्ताचा वेग ठिपक्याठिपक्याला किती बदलतो ते काढा. मग आसपासच्या ठिपक्यांचा जो वेग, त्या वेगानं दोऱ्याला वाहू द्या. दोरा नव्या जागी गेला, की ताण नवा. पुन्हा पहिल्यापासून."

"आणि हे किती वेळा करायचं?"

"एका ठोक्यासाठी हजारो वेळा. आमच्याकडे चांगली यंत्रं आहेत, तरी एका ठोक्याला कधी कधी दोन दिवस लागतात."

मी आत पाहिले. ताई पुन्हा पुऱ्या लाटायला लागली होती. जे गणित करायला यंत्राला दोन दिवस लागतात, ते तिचे अधू हृदय सेकंदाच्या आत उरकत होते.

पेस्किन यांनी पहिल्या गणितात हृदय कागदासारखे सपाट धरले होते. पुढे डेव्हिड मॅक्वीन या सहकाऱ्याबरोबर त्यांनी लांबी, रुंदी आणि खोली असलेले सबंध हृदय संगणकात उभे केले. त्यावरचा त्यांचा लेख १९८९ साली आला. कृत्रिम झडपेचा आकार कसा असावा, हे रोग्याच्या छातीत बसवून पाहण्याआधी गणितात बसवून पाहता येऊ लागले. रक्त कुठे साचून राहते आणि कुठे खरवडले जाते, हे दोन प्रश्न यात महत्त्वाचे. साचले तर गुठळी धरते, आणि फार खरवडले गेले तर रक्तातल्या पेशी फुटतात.

"पण एक गंमत सांगतो," रंगा म्हणाला. "विमानाच्या पंखाचं गणित करताना आधी हवेचं करावं, मग पंखाचं, पुन्हा हवेचं, असं आळीपाळीनं चालतं. झडपेचं तसं केलं तर आकडे भडकतात. पाकळी दोन-चार पावलांतच संगणकाबाहेर उडून जाते."

"ते का?"

"पंख हवेच्या मानानं फार जड. पाकळी आणि रक्त मात्र सारख्याच वजनाची. तुम्ही फुगडी म्हणालात ना? थोराड मामानं चिमुरड्या भाचीशी फुगडी घातली, तर मामा काय करतो एवढं आधी ठरवलं तरी भागतं. भाची येते मागून. पण दोघी सारख्या असल्या, तर एकीचं आधी आणि दुसरीचं मागून ठरवता येत नाही. दोघींचं एकदमच मांडावं लागतं. नाहीतर हात सुटतात."

मला हे गणित म्हणून कितपत समजले ते देव जाणे, पण संसाराचा नियम म्हणून चटकन पटले.

त्या रात्री जेवणे झाल्यावर ताईने स्वतःच विषय काढला. सण तिनेच लावलेल्या नियमातून तिनेच मोकळा केला. पानसुपारीच्या तबकाशेजारी तिने डॉक्टरांचा कागद ठेवला आणि म्हणाली, "आता सांगा, कुठली घालायची?"

प्रश्न साधा नव्हता. झडपा दोन प्रकारच्या. एक धातूची म्हणतात ती. तिच्या पाकळ्या बहुधा कार्बनच्या असतात. ती जन्मभर टिकावी अशी अपेक्षा. पण तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यायची आणि वरचेवर सुई टोचून तपासणी करायची. दुसरी जनावराच्या अंगातल्या पडद्यापासून किंवा झडपेपासून केलेली. ती नैसर्गिक झडपेसारखी मऊ, तिला ती गोळी कायमची लागत नाही. पण दहा-पंधरा वर्षांत ती झिजते आणि मग पुन्हा शस्त्रक्रिया. तरुण रोग्याला सहसा पहिली देतात, म्हाताऱ्याला दुसरी. ताई अठ्ठावन्न वर्षांची. नेमकी मधली. डॉक्टरांनी सांगितले होते, दोन्ही चालतील, तुम्ही ठरवा.

जनावराच्या झडपेबद्दल शेजारच्या काकूंनी नाक मुरडले होते. ताईने त्यांना विचारले होते, "तुम्ही गोळ्या घेता त्या कॅप्सूलची टरफलं कशाची असतात, ठाऊक आहे का?" तेव्हा तो प्रश्न निकालात निघाला होता. भाऊजी नेहमीप्रमाणे म्हणाले, "रंगा सांगेल ते." सगळ्यांनी रंगाकडे पाहिले. घरात झडपांचा जाणकार असताना दुसरीकडे पाहायचे कशाला?

रंगा उठून गॅलरीत गेला.

मी मागोमाग गेलो. तो कंदिलाकडे पाहत उभा होता. "मामा," तो म्हणाला, "मी रोज बघतो. धातूच्या झडपेच्या बिजागरीपाशी रक्त कसं रेंगाळतं, ते माझ्या पडद्यावर निळ्या रंगात दिसतं. मऊ झडपेच्या पाकळीला कुठं ताण पडतो आणि ती कुठं आधी फाटेल, ते लाल रंगात दिसतं. आता आई समोर बसली की मला तो निळा ठिपका तिच्या छातीत दिसतो. नाहीतर तो लाल. मी काय सांगू?"

"तुझं गणित काय म्हणतं?"

"माझ्या गणितातलं हृदय कुणाचंच नसतं. पाकळीचा ताठरपणा अंदाजानं धरलेला असतो, हृदयाचा आकार पाच-पंचवीस रोग्यांवरून घेतलेला. काचेच्या नळीत खरी झडप बसवून, लेसरच्या उजेडात प्रवाह मोजून आम्ही ते पडताळून बघतो. दोन झडपांत कुठली बरी वाहते, हे सांगता येतं. अमुक बाईंना पंधरा वर्षांनी काय होईल, हे नाही सांगता येत." आणि मग खालच्या आवाजात, "लोकांना वाटतं, मला येतं म्हणून."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी काही शास्त्र शिकलो नाही. पण आपल्या ज्ञानाची वेस कुठे संपते, हे ओळखून तिथे उभे राहणारा माणूस मला नेहमीच मोठा वाटत आला आहे. आमच्या क्षेत्रात तो अंमळ दुर्मीळ आहे.

आपल्या देशातही या कामात मोठी माणसे होऊन गेली. तिरुवनंतपुरमला डॉ. वलियाथन यांच्या देखरेखीखाली श्री चित्रा तिरुनाल संस्थेने देशी झडप बनवली. आधीचे नमुने चाचण्यांत फसले. कुठे साहित्य दगा देई, कुठे भाग झिजे. अखेरीस ६ डिसेंबर १९९० रोजी एका रोग्याला ती प्रथम बसवण्यात आली आणि पुढे हजारोंना लाभली. परदेशी झडप न परवडणाऱ्यांना तिचा केवढा आधार झाला! रंगा ही हकिगत अगदी देवळातल्या कथेसारखी सांगतो. त्यातले फसलेले नमुनेही तो वगळत नाही.

आम्ही आत आलो. रंगा ताईच्या पायाशी बसला आणि त्याने दोन्ही झडपांचे गुणदोष तिला सांगितले. निळा ठिपकाही सांगितला आणि लालही. काही लपवले नाही, काही रंगवले नाही. शेवटी म्हणाला, "आई, यापुढचं मला ठरवता येत नाही."

ताईने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "त्या गोळीवर अळू, मेथी बंद का रे?"

"बंद नाही. एक दिवस भरपूर आणि आठ दिवस काहीच नाही, असं करायचं नाही. रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं."

"मग धातूची घाला," ताई म्हणाली. "सुई मी सोसेन. पण पंधरा वर्षांनी पुन्हा तुम्हा सगळ्यांना दवाखान्याच्या बाकड्यावर बसवायचं, आणि तेव्हा मी त्र्याहत्तर वर्षांची, हे मला नको. आणि रंगा, चुकलं तर माझं चुकलं. तुझ्या यंत्राचं नाही, तुझंही नाही."

तिने तबक उचलले आणि विषय संपवला. मला तेव्हा वाटले, की लहानपणी फुगडीत ताईचा हात कधी सुटला नाही, त्याचे कारण आत्ता कळले.

जानेवारीत शस्त्रक्रिया झाली. सहा तास आम्ही त्या बाकड्यावर बसलो होतो. रंगाने त्या सहा तासांत एक शब्दही शास्त्राचा काढला नाही. नुसते भाऊजींचे चष्म्याचे घर उघडायचे आणि मिटायचे, उघडायचे आणि मिटायचे, एवढाच त्याचा उद्योग चालला होता. डॉक्टर बाहेर आले तेव्हा तो उभा राहिला आणि ते घर त्याच्या हातातून खाली पडले.

गणपतीत मी ताईकडे मुक्कामाला होतो. ती आता आरतीला शेवटपर्यंत उभी राहते आणि जिना न थांबता चढते. रात्री निजानीज झाली. मधल्या खोलीत मी आणि दाराच्या पलीकडे ताई. सगळे शांत झाल्यावर मला एक बारीक आवाज येऊ लागला. टिक्, टिक्, टिक्. आधी वाटले, भिंतीवरचे घड्याळ. पण घड्याळापेक्षा त्याची चाल जलद होती, आणि ताईने कूस बदलली तेव्हा आवाजाचीही जागा बदलली. मग उमगले. झडप मिटत होती.

अंधारात मला दिसले, की गॅलरीच्या दाराशी रंगाही जागा बसला आहे.

"झोप येत नाही का रे?" मी विचारले.

"येते," तो म्हणाला. "थोडा वेळ ऐकतो, मग झोपतो. रोजचंच आहे."

"गणित चाललंय की काय?"

"नाही मामा. गणितात आवाज नसतो."

आम्ही दोघे काही वेळ ऐकत बसलो. मग पलीकडून ताईचा आवाज आला, "दोघं झोपा आता. तुमच्या कुजबुजीनं मला जाग येते, माझ्या टिकटिकीनं नाही." आणि आम्ही मुकाट्याने आडवे झालो.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा घरोघर कंदील लागले असतील. रंगाचा फोन आला होता. कामट्या आणल्या आहेत, या खेपेला झिरमिळ्या मामांनी कापायच्या. भाऊबीजेला ठाण्याला जाईन. ताई ओवाळायला पुढे वाकेल तेव्हा घरात क्षणभर सगळे गप्प होतात. तेवढ्या वेळात तो आवाज येतो का, ते मी या वर्षी ऐकणार आहे.